अधोरेखित शब्दाची जात सांगा : इंग्रजीचे पेपर काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय आणि भरतीच्या परीक्षांसाठी इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न काढणारी सर्व मंडळी, तसेच त्या प्रश्नांवर गाइड आणि ठोकळे लिहिणारे लेखक

विषय : पार्ट्स ऑफ स्पीचवरचे (शब्दांच्या जातींवरचे) प्रश्न

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं बसतात, त्यांच्या व्याकरणाच्या शंकाही माझ्याकडेच येतात. त्यामुळे आपण काढलेले प्रश्न मला दोन्ही वेळा भेटतात, सकाळी घटक चाचणीत आणि संध्याकाळी एमसीक्यूच्या संचात. पेपर कोणी काढला हे गुप्त असतं आणि तसंच असावं. म्हणून कोणा एकाला न लिहिता सगळ्यांना उघड लिहिते आहे.

थेट मुद्द्यावर येते. ‘माय बुक इज न्यू’ या वाक्यातला ‘माय’ अधोरेखित करायचा आणि खाली चार पर्याय द्यायचे : नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, डिटरमिनर. या धाटणीचा प्रश्न आपल्यापैकी कोणी ना कोणी काढतच असतं. मुलांकडच्या एका ठोकळ्यात ‘माय’ पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह आहे, दुसऱ्यात पझेसिव्ह प्रोनाउन. तिसरा जरा नव्या वळणाचा, तो त्याला डिटरमिनर म्हणतो. गंमत म्हणजे तिन्ही लेखकांकडे कारण आहे. ‘माय’ हे ‘आय’चं षष्ठीचं रूप, म्हणून सर्वनाम. ते नामाच्या आधी येऊन नामाबद्दल काही सांगतं, म्हणून विशेषण. आणि ‘द’, ‘दिस’, ‘एव्हरी’ हे शब्द ज्या जागी येतात त्याच जागी ‘माय’ येतो, त्यांच्या जोडीला येऊ शकत नाही. ‘द न्यू बुक’ होतं, ‘द माय बुक’ होत नाही. म्हणून डिटरमिनर. मला विचाराल तर तिसरं कारण सगळ्यांत भक्कम आहे, कारण वाक्य लिहिताना मुलाला तेवढंच कामी येतं. पण परीक्षेत माझं मत चालत नाही, आन्सर कीचं चालतं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो तिथे हा प्रश्न मुलाला इंग्रजी किती येतं ते तपासत नाही, त्याने कोणता ठोकळा विकत घेतला ते तपासतो.

मग सुरू होतात आन्सर कीवरच्या हरकती. हरकतीला संदर्भ जोडायचा असतो. एकाच प्रश्नावर एक मुलगी एका पुस्तकाचं पान जोडते, दुसरा मुलगा दुसऱ्या पुस्तकाचं. दोन्ही पानं खरी. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्न रद्द होतो, कधी काहीच होत नाही. एका गुणाने यादीच्या आत-बाहेर होणाऱ्या मुलांना व्याकरणातल्या मतभेदांचं कौतुक वाटावं अशी अपेक्षा कशी करायची?

मतभेद कुठून आले हे समजायला ‘आठ’ या आकड्याचा प्रवास पाहावा लागतो. ग्रीक भाषेचं एक छोटंसं व्याकरण डायोनिसियस थ्रॅक्स या अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या पंडिताच्या नावावर चालत आलं आहे. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. त्यात शब्दांच्या आठ जाती आहेत : नाम, क्रियापद, पार्टिसिपल (धातुसाधित), आर्टिकल (इंग्रजी ‘द’सारखा शब्द), सर्वनाम, प्रेपोझिशन, ॲडव्हर्ब, कंजंक्शन. नीट पाहा, यात विशेषण नाही. ग्रीक विशेषणं नामासारखीच विभक्ती आणि वचन घेत, म्हणून ती नामातच मोजली. रोमन लोकांनी हा साचा लॅटिनला लावला तेव्हा अडचण झाली, कारण लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. एक जागा रिकामी झाली आणि तिथे इंटरजेक्शन आलं. आकडा आठच राहिला. इसवी सन ५००च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिशियनने लिहिलेलं लॅटिन व्याकरण पुढे युरोपात शतकानुशतकं शिकवलं गेलं, त्यातही आठच.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरचं, साल १५८६. आमच्या भाषेलाही लॅटिनसारखे नियम आहेत, हे दाखवण्याची त्याला हौस होती. १७६१ साली जोसेफ प्रिस्टलीने, होय, तेच ते ऑक्सिजनवाले प्रिस्टली, इंग्रजी व्याकरण लिहिलं. त्यांनी पार्टिसिपलला यादीतून काढलं आणि त्या जागी ॲडजेक्टिव्ह घातलं. पुन्हा आठ. १७९५मध्ये लिंडली मरे यांनी आर्टिकल वेगळं मोजून नऊ केले. पुढच्या शालेय पुस्तकांनी आर्टिकलला विशेषणात ढकललं आणि गाडी आठावर परत आली. आपल्याकडे घरोघरी पोचलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण हीच आठांची यादी सांगतं. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. म्हणजे दोन हजार वर्षांत खुर्च्या आठच राहिल्या, त्यांवर बसणारे मात्र बदलत गेले.

मराठीतही त्याच खुर्च्या मांडल्या गेल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं महाराष्ट्र भाषेचं व्याकरण १८३६ साली आलं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी आणि उरलेली चार अव्ययं अविकारी, ही जी यादी आमची मुलं मराठीच्या तासाला पाठ करतात तिचा साचा इंग्रजी व्याकरणावरून आला. संस्कृतचा हिशेब वेगळा होता. निरुक्तकार यास्काचे चार : नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात. पाणिनीच्या घरी तर दोनच, सुबन्त आणि तिङन्त. ‘सुप्’ म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागला की सुबन्त, ‘तिङ्’ म्हणजे क्रियापदाचा लागला की तिङन्त. अव्ययांना प्रत्यय दिसत नाही, तर तो लागून लोपला असं मानून त्यांनाही सुबन्तात बसवलं. शब्दाचा अर्थ व्यक्ती आहे, वस्तू आहे की क्रिया आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. शेवटी काय लागलं आहे ते पाहतात.

हे सांगायचं कारण असं की इंग्रजीचे अभ्यासकही विसाव्या शतकात फिरून याच वाटेवर आले. मिशिगन विद्यापीठातले चार्ल्स फ्राइझ यांनी टेलिफोनवरची खरीखुरी संभाषणं ध्वनिमुद्रित केली, सुमारे ५० तासांची, अडीच लाखांहून अधिक शब्दांची, आणि १९५२च्या आपल्या पुस्तकात त्यांवरून इंग्रजी वाक्याची रचना मांडली. ‘द कॉन्सर्ट वॉज गुड’ हे वाक्य घ्यायचं आणि ‘कॉन्सर्ट’च्या जागी कोणकोणते शब्द चालतात ते पाहायचं. जे चालले ते एका गटात. अर्थाचा वास लागू नये म्हणून त्यांनी गटांना नाउन, व्हर्ब अशी नावंही दिली नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं दिली. मुख्य गट चार आणि ‘द’, ‘मे’, ‘नॉट’, ‘व्हेरी’ अशा कामकरी शब्दांचे आणखी १५.

मुलं विचारतात, ‘मॅडम, मग नक्की किती?’ कोण मोजतंय आणि कशासाठी, त्यावर ते आहे. केंब्रिजने २००२मध्ये काढलेलं हडलस्टन आणि पुलम यांचं १,८०० हून अधिक पानांचं व्याकरण नऊ मोजतं, पण ते नऊ मरे यांचे नऊ नव्हेत. त्यात सर्वनाम हा नामाचाच पोटप्रकार आहे आणि डिटरमिनरना स्वतंत्र घर आहे. संगणकाला इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्यांनी पेन ट्रीबँक या खुणा लावलेल्या इंग्रजी वाक्यांच्या संग्रहासाठी शब्दांना ३६ खुणा ठरवल्या, कारण त्यांना ‘बुक’ आणि ‘बुक्स’ही वेगळे हवे होते. जगातल्या अनेक भाषांना, मराठीलाही, एकच मोजपट्टी लावणाऱ्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीजच्या प्रकल्पात १७ आहेत. यातलं दहावीच्या मुलाला काही शिकवा असं मी म्हणत नाही. पण आकडा आणि नावं माणसांनी सोयीने ठरवली आहेत एवढं लक्षात ठेवून तरी प्रश्न काढावेत.

सोयीचं म्हणजे काय, ते मी वर्गातून सांगते.

नाउनची व्याख्या आमच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहे. माणसाचं, प्राण्याचं, ठिकाणाचं किंवा वस्तूचं नाव. मग ‘अरायव्हल’ काय? येणं ही क्रिया, तर मुलगा तिला व्हर्ब म्हणतो आणि त्याचं काही चुकलेलं नसतं, त्याने आपली व्याख्या इमानाने लावलेली असते. ‘नो’ (माहीत असणं), ‘सीम’, ‘बिलाँग’ यांत कसली क्रिया दिसते? पण ते व्हर्ब आहेत. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून मी तीन कसोट्या शिकवते. आधी ‘द’ आणि मागे अनेकवचनाचा ‘एस’ लागतो का? लागला तर नाउन. ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ लागतात का? व्हर्ब. आधी ‘व्हेरी’ लागतं आणि ‘सीम्स’च्या नंतर शब्द एकटा उभा राहतो का? ॲडजेक्टिव्ह. प्रत्येक शब्द सगळ्या कसोट्या पार करत नाही. ‘फर्निचर’ला ‘एस’ लागत नाही, ‘मेन रोड’मधल्या ‘मेन’ला ‘व्हेरी’ लागत नाही. पण कुठे अडलं हेही त्या कसोटीनेच कळतं.

त्याआधी फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘गिमळ्या टोमराने दोन किरळ्या मुडकल्या.’ अर्थ शून्य. तरी सातवीतली मुलं न अडखळता सांगतात की टोमर हे नाम, गिमळा विशेषण, मुडकणे क्रियापद, किरळी स्त्रीलिंगी, दोन किरळ्या म्हणून मुडकल्या, आणि हा कर्मणी प्रयोग. व्यक्ती की वस्तू, कोणालाच ठाऊक नाही. मग इंग्रजीत लिहिते : ‘द ग्रोबर ट्रेफ्ड टू स्निम्स.’ तेही जमतं. ज्या मुलाला हे जमतं त्याला आपण तीच व्याख्या पुन्हा म्हणायला लावतो आणि तिच्यावरच गुण देतो, हे मला खटकतं.

आता काही प्रश्नांकडे, जे आपल्याकडे वारंवार येतात.

‘स्कूल बस’मधला ‘स्कूल’. गाइडांचं उत्तर ॲडजेक्टिव्ह, कारण तो बसबद्दल सांगतो. कसोटी लावा. ‘व्हेरी स्कूल’ नाही, ‘द बस सीम्स स्कूल’ नाही. नामाने नामाचं वर्णन केलं एवढंच, त्यासाठी त्याने जात बदलायची गरज नाही. ‘क्रिकेट मॅच’, ‘स्टोन वॉल’, सगळीकडे तेच.

‘द रिच शुड हेल्प द पुअर’ हे वाक्य तर आपलं लाडकं. अधोरेखित ‘पुअर’, उत्तर नाउन. इथे जरा थांबा, कारण मराठी मुलाची खरी अडचण नेमकी याच जागी आहे. मराठीत विशेषण सहज नाम होतं. शहाण्याला शब्दाचा मार, यात ‘शहाणा’ला थेट ‘ला’ लागलं. गरिबाने, आंधळ्याची, दोन म्हाताऱ्या, काहीही होतं. म्हणून मुलगा बिनधास्त लिहितो : ‘अ पुअर केम टू अवर हाउस’, ‘आय सॉ अ ब्लाइंड ऑन द रोड’. दुसऱ्या वाक्यात त्याने रस्त्यावर खिडकीचा पडदा पाहिला असा अर्थ होतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. इंग्रजीत ‘द पुअर’ म्हणजे सगळे गरीब, तेवढंच. एक गरीब म्हणायचं तर ‘अ पुअर मॅन’ म्हणावं लागतं, आणि ‘पुअर्स’ होतच नाही. ‘द व्हेरी पुअर’ मात्र होतं, म्हणजे हा शब्द अजून विशेषणच आहे, नामाची जागा त्याने फक्त उसनी घेतली आहे. आपली आन्सर की त्याला नाउन म्हणते. मुलगा ते नाउन मानतो आणि नाउनसारखं वापरतो. चूक कोणाची?

‘एलवाय’ आला की ॲडव्हर्ब, हा गाइडमधला आणखी एक चौकटीतला नियम. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कावर्डली’ ॲडजेक्टिव्ह आहेत. उलट ‘हार्ड’ला ‘एलवाय’ न लावताच ॲडव्हर्ब होतो, आणि नियमावर विसंबून मुलगी वडिलांबद्दल ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिते. ते जेमतेम काम करतात, असं तिने लिहिलेलं असतं.

‘टू’ची गोष्ट याहून महत्त्वाची. मुलांना शिकवतात की ‘टू’ नंतर क्रियापदाचं मूळ रूप. म्हणून अर्जाच्या शेवटी प्रत्येक जण लिहितो ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ प्रेपोझिशन आहे, त्याच्यानंतर नाम किंवा नामासारखं काही हवं, म्हणून ‘मीटिंग यू’. ओळखायचं कसं? त्या जागी साधं नाम घालून पाहायचं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ चालतं, तर प्रेपोझिशन. ‘आय वाँट टू दिवाळी’ चालत नाही, तर तो दुसरा ‘टू’. नोकरीला लागलेली माणसंसुद्धा ही चूक आयुष्यभर करतात, आणि शब्दांच्या जातींचं ज्ञान जिथे खरोखर पैसे वसूल करून देतं अशी ही जागा आहे. तिच्यावर प्रश्न मात्र मला क्वचित दिसतो.

प्रेपोझिशनबद्दल आणखी एक. आमचं मूल ‘प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय’ अशी जोडी लावून येतं. ‘टेबलावर’मधला ‘वर’ शब्दयोगी, ‘ऑन’ प्रेपोझिशन, जमलं. पण ‘घरात’मधला ‘त’ शब्दयोगी नाही, तो सप्तमीचा प्रत्यय. इंग्रजीत तिथेही प्रेपोझिशनच, ‘इन’. आणि ‘ला’ तर द्वितीयेला आणि चतुर्थीला, दोघांनाही. ‘मी त्याला सांगितलं’ आणि ‘मी त्याला पाहिलं’, दोन्हीकडे ‘ला’. म्हणून ‘आय टोल्ड हिम’ऐवजी ‘आय टोल्ड टू हिम’ येतं. मराठीचं व्याकरण चांगलं येणाऱ्या मुलाकडूनच ही चूक होते, कारण त्याने आपल्या भाषेतली खूण नेमकी ओळखलेली असते.

आता लिंग आणि वचन. व्हिक्सन (कोल्हीण), ड्रेक (नर बदक), स्पिन्स्टर (अविवाहित स्त्री) असल्या जोड्या पाठ करून कोणाचं काय भलं होतं ते मला उमगलेलं नाही. इंग्रजीत लिंग नामाला चिकटत नाही. ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठं मूल’ यातला बदल ‘बिग’मध्ये होत नाही, क्रियापदातही नाही. ते उरतं फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’मध्ये आणि त्यांच्या रूपांमध्ये. तिथेच आमची मुलं घसरतात. ‘रमेश आपल्या बहिणीला घेऊन आला’ याचं इंग्रजी करताना येतं ‘रमेश ब्रॉट हर सिस्टर’. मराठीतला ‘आपल्या’ रमेशचं लिंग सांगत नाही, समोर दिसते बहीण, मग ‘हर’. यावर एक प्रश्न काढा, दहा व्हिक्सन वाचतील. वचनातही तसंच. मराठीत पोलीस एकटा येऊ शकतो, इंग्रजीत ‘पोलीस’ नेहमी ‘आर’. मराठीत बातम्या अनेक, इंग्रजीत ‘न्यूज इज’. आपले केस काळे ‘आहेत’, त्यांचं ‘हेअर इज’. कात्री आपली एक, त्यांची ‘सिझर्स’ अनेकवचनी. हे कुठल्याही व्याख्येतून कळत नाही, दोन भाषा शेजारी ठेवल्या तरच कळतं.

काळांबद्दल थोडक्यात. बारा टेन्सचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर खुशाल असू द्या, रूपं बनवायला तो बरा आहे. पण इंग्रजी क्रियापद स्वतः दोनच काळांसाठी बदलतं, ‘वर्क’ आणि ‘वर्क्ड’. ‘जाईन, जाशील, जाईल’ असा भविष्याचा प्रत्यय त्याच्याकडे नाही. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’मध्ये गाडी उद्याची, रूप वर्तमानाचं. असल्या वाक्याखाली ‘टेन्स ओळखा’ लिहायचं असेल तर रूप विचारता की वेळ, ते कृपा करून लिहा.

मी सगळ्याच जुन्या प्रश्नांच्या विरोधात आहे असं समजू नका. ‘बिफोर’वरचा आपला प्रश्न मला आवडतो. ‘बिफोर लंच’मध्ये प्रेपोझिशन, ‘बिफोर ही केम’मध्ये कंजंक्शन, ‘आय हॅव सीन इट बिफोर’मध्ये ॲडव्हर्ब. केंब्रिजच्या त्या जाडजूड व्याकरणाला ही विभागणी मान्य नाही. ते तिन्ही ठिकाणी प्रेपोझिशनच म्हणतं, कारण ‘नो’ (माहीत असणं) याच्या पुढे नाम येवो, वाक्य येवो की काहीच न येवो, आपण त्याला एकच क्रियापद मानतो, मग ‘बिफोर’नेच काय घोडं मारलंय? युक्तिवाद बिनतोड आहे. तरी शाळेसाठी मी जुनी विभागणी ठेवेन. तीन नावं लावायला मुलाला शब्दाच्या पुढे काय आहे ते पाहावंच लागतं. तो वाक्य वाचतो. ‘माय’च्या प्रश्नात तो वाक्य वाचतच नाही, ठोकळ्याचं पान आठवतो. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे.

ओएमआरवर (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) तपासायचं तर एकच उत्तर हवं, असं आपण म्हणाल. मान्य. एकच उत्तर असलेले प्रश्न भरपूर निघतात. ‘दे राउंड ऑफ द टोटल’, ‘शी वॉक्ड राउंड द टेंपल’, ‘ही लॉस्ट इन द फर्स्ट राउंड’, ‘वी सॅट ॲट अ राउंड टेबल’ अशी चार वाक्यं द्या आणि विचारा, कोणत्या वाक्यातल्या ‘राउंड’ला ‘ईडी’ लावता येईल? कोणत्या ‘राउंड’चं अनेकवचन करता येईल? किंवा ‘द ... वॉज अनएक्स्पेक्टेड’ लिहून ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘डिसायसिव्हली’ असे पर्याय द्या. रेन आणि मार्टिन वाचून आलेला, केंब्रिज वाचून आलेला आणि काहीच न वाचता कॉमेंट्री ऐकून इंग्रजी शिकलेला, तिघांचंही उत्तर एकच येईल. हरकतीला जागाच उरणार नाही. शब्दाची जात विचारली जाईलच, फक्त नाव न विचारता.

गाइडलेखकांना वेगळं सांगायला हवं. आपण मागच्या पेपरांतले प्रश्न जमवता, पुढचे पेपर आपल्या गाइडांवरून निघतात आणि चुकीचं उत्तर दोनदा छापून आलं की ते प्रमाण ठरतं. आपल्या पुस्तकात ‘माय’ला ॲडजेक्टिव्ह म्हणायचं तर जरूर म्हणा, पण त्याच पानावर एक ओळ द्या की याला प्रोनाउन आणि डिटरमिनर म्हणणारेही आहेत. त्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही.

आणि नाव विचारल्याशिवाय चालणारच नसेल, तर पेपरसेटर मंडळींकडे एकच मागणी आहे. अभ्यासक्रमात इंग्रजी व्याकरणापुढे नुसतं ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ एवढंच छापलेलं असतं. तिथे उत्तरं कोणत्या व्याकरणाप्रमाणे धरली जातील ते नावानिशी छापायला लावा : जाती किती, आर्टिकल कुठे मोजायचं, ‘माय’, ‘दिस’, ‘टू’, ‘ईच’ कुठे, भविष्यकाळ मोजायचा की नाही. अर्धं पान पुरेल. ते पान परीक्षेच्या जाहिरातीबरोबरच मिळालं, तर आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना तीन ठोकळे विकत घ्यावे लागणार नाहीत.

कळावे,

आपली,
मराठी माध्यमातली एक इंग्रजी शिक्षिका